शेजारच्या घरचा पहिला घास

अहो,

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुम्हाला मूठमाती देऊन आत्ताच घरी आले. आपल्या रीतीप्रमाणे शोकाचा पहिला घास शेजारच्या घरचा लागतो. पण इथे यरुशलेमात माझ्यासारख्या ग्रीक बोलणाऱ्या परकीला तो कोण आणून देणार? आम्ही ख्रिस्ताला मानणारे सगळे यहुदीच, तरी मी इथल्या अरामीऐवजी ग्रीकमध्ये प्रार्थना केली की शेजारची शलोममावशी विचारायची, "देवाला तरी कळतं का गं ते?" किती चिडायचात तुम्ही तिच्यावर.

तीच मसुराची आमटी घेऊन आली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. मी ग्रीकमध्येच रडत होते. म्हणाली, "रड. कळतंय मला."

सणाला माझ्या माहेराहून, कुरेनेहून आलेला दादा म्हणतोय, "माझ्याबरोबर परत चल, आपल्या भाषेत राहा." त्याला म्हटलं, "तू जा. आमटी अगदी अळणी होती. मावशीला मीठ घालायला शिकवल्याशिवाय कशी येऊ?"

तुमचीच,
बेरेनिके