शंकरदादांचं एक वाक्य

रविवार, संध्याकाळ. जुईनगर.

आमच्या ऑनलाइन ग्रुपचा उद्देश लिहायचा राहिलाय, हे आठवडाभर डोक्यात होतं. आम्ही सगळे बोलताना अडखळणारे. नवीन माणूस आला की विचारतोच, इथे नेमकं करता काय? आज बसून लिहिलं: 'आत्मविश्वास वाढवणे, संवादकौशल्य विकसित करणे...' वाचलं आणि माझाच मला कंटाळा आला. असं कोण बोलतं? मी तर नाहीच.

शेवटी ग्रुपवरच विचारलं, तुम्ही इथे का येता? पहिलं उत्तर शंकरदादांचं. ते वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. एरवी नुसता अंगठा पाठवतात. आज दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज, आणि त्यात वाक्य एकच: "ताई, हितं माझं बोलनं दुसरं कुनी पुरं करत न्हाई."

दीड मिनिट. 'बोलनं'वर किती वेळ अडले होते. तरी पुसून पुन्हा रेकॉर्ड केलं नाही. मी असते तर? दहादा केलं असतं.

माझं सगळं खोडलं. त्यांना विचारून त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. "खाली माझं नाव बी टाका," म्हणाले.

मग नितीनला वाचून दाखवायला स्वयंपाकघरात गेले आणि 'दुसरं'वर अडकले. लग्नाला अकरा वर्षं झाली, नितीन नेहमी पुढचा शब्द देतो, प्रेमानेच. आज दिला नाही. हातातलं भांडं ठेवून माझ्याकडे बघत उभा राहिला. मी माझा वेळ घेत शेवटपर्यंत पोहोचले.