बुवाचा एकादशीचा भात

अण्णा,

बुवा अजून आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी परकर-पोलक्यात होते आणि तो चांगला दांडगा कुत्रा होता. आता मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि त्याच्या तोंडात मागचे थोडे दातच उरलेत. डोळ्यांवर निळसर पडदा आलाय, पण तुमच्या खुर्चीपाशी जायची वाट त्याला न बघता सापडते. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

बोरिवलीच्या याच पडवीत तुम्ही मला पाटीवर अक्षरं शिकवायचात आणि ते पिल्लू येऊन पाटी चाटून पुसायचं. शाळेत जायच्या आधी जे शिकले ते तुमच्यापाशीच. एकादशीला आपल्याकडे भात शिजत नसे. त्या दिवशी पिल्लालाही उकडलेलं रताळं आणि दूध मिळायचं, आणि ते मुकाट्यानं खायचं. त्यावरूनच तुम्ही त्याला बुवा म्हणायला लागलात. पाहुणा आला की ठरलेलं वाक्य असायचं, "आमच्या घरात एकादशी न चुकवणारा एकच पुरुष आहे, आणि तो मी नव्हे." तुम्ही गेल्यावर आईनं ते वळण जिवापाड सांभाळलं. तुमची खुर्ची, तुमची छत्री आणि बुवाची एकादशी.

पण तो म्हातारा झाला. एकादशीच्या संध्याकाळी पिवळा फेस ओकायला लागला. दूध पचेना, रताळं चावेना. एकदा मागचे पाय दुमडून बसला तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत उठला नाही. मी घाबरले. कांदिवलीच्या तबेल्यात गुरांचे डॉक्टर येतात असं ऐकलं होतं, तिथे गेले. ते एका म्हशीचं पोट चाचपत होते. तसेच पाठमोरे बोलले, "दूध बंद. मऊ भात नि घोटलेली मुगाची डाळ घाला. मीठ नको, फोडणी नको. एकदम पोटभर नको, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा. उपाशी अजिबात ठेवू नका."

"पण एकादशीला?" मी विचारलं.

"कुणाच्या एकादशीला?"

"त्याच्या."

आता मात्र ते वळले. "अगं पोरी, मग शनिवारी मारुतीला पण जातो काय तो?" तबेल्यातले भय्ये हसले. मला रडूच येणार होतं. ते बघून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, म्हातारं जनावर आहे. असे आणखी उपास घडले तर हातचं जाईल."

आईला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवून करणं मला जमलं नसतं. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "त्यांनी लावलेलं वळण आहे ते. माझ्या चुलीवर एकादशीला भात चढणार नाही." माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, पुस्तकाला पाय लागला तरी दिवसभर चुटपुट लागते. एकादशीला भात शिजवायचा, तोही आईचं मन मोडून!

मग मला आत्याआजी आठवली, तुमची आत्या. ती भिंतीला टेकून बसली आहे, अंगात ताप आहे, आणि एकादशी असून तुम्ही तिच्यासमोर मऊ भात कालवताय. मी पाटी खाली ठेवून म्हणते, "अण्णा, तिला पाप लागेल." तुम्ही माझ्यावर क्वचितच ओरडायचात, पण त्या दिवशी ओरडता. "म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून मिळालेलं पुण्य कुठल्या देवाला हवंय? आणि पाप लागायचंच असेल तर मला लागेल. भात मी कालवलाय." आणि तुम्ही तिला एकेक घास भरवता.

पुढच्या एकादशीला सकाळीच मी मागच्या पायरीवर शेगडी पेटवली. भाताला कढ आला तशा शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "काय गं, एकादशीला भाताचा वास? आणि रेशनचा तांदूळ कुत्र्याच्या घशात?"

"माझ्या वाट्याचा आहे, काकू. आणि आमच्या बुवांनी आता उपास सोडलेत. वय झालं त्यांचं."

"वाट लागली तुमच्या घराची!" काकू म्हणाल्या, पण पदर तोंडाला लावून हसत गेल्या. मी भात उतरवून कालवला आणि वळले तर दारात आई उभी. माझ्या तोंडून निघालं, "पाप लागलं तर मला लागेल, आई. भात मी कालवलाय."

ते वाक्य कुणाचं हे तिला सांगावं लागलं नाही. मग ती खाली बसली, दोन बोटांत भात चुरून बघितला. "शीत लागतंय अजून. त्याला दात कुठेत? आणखी घोट. आणि वाटी पाटावर ठेव, मान खाली घालताना कळवळतो तो." म्हणजे तीही सगळं बघत होती. बुवानं वाटी चाटून लख्ख केली. त्या संध्याकाळी तो ओकला नाही. तुमच्या खुर्चीखाली घोरत पडला होता.

अण्णा, आता तो पडवीची पायरी आपली आपण चढतो आणि दूधवाल्यावर भुंकतो. काकू पाहुण्यांना सांगतात, "यांचा बुवा निवृत्त झालाय." आई वर म्हणते, "आमच्या मुलीनं सांभाळलाय हो त्याला." ते ऐकलं की मी आत जाऊन उगीचच भांडी आवरते, कारण चेहऱ्यावरचा आनंद मला लपवता येत नाही.

उद्या एकादशी आहे. कोळसे दमट आहेत, पेटवायला कागद लागेल, तेव्हा हेच पत्र घेईन. एक मात्र कबूल करते. काडी ओढण्याआधी मी अजून मनातल्या मनात देवाची माफी मागते. भात मात्र छान मऊ होतो.