मागून सांगणारं माणूस

दवनीवाडा, जि. गोंदिया
६ सप्टेंबर २००९

चि. उमेंद्रास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मी सांगून राहिली आणि तुझी माय लिहून राहिली. मी 'गधा' म्हटलं की ती 'बाळ' लिहिते, म्हणून जिथं बाळ दिसेल तिथं समजून घे. फोनवर तू नुसता हो-हो करतोस, म्हणून हे पत्र.

इकडे धान पोटरीत आहे. तुझ्या आबाजींचा गुडघा दुखते आणि तोंड चालते, म्हणजे तब्येत ठीक.

आता मुद्द्याचं. भोपाळच्या स्पर्धेत तू म्हणे नववी कसरत विसरला, विमान तसंच उतरवलं आणि दोन दिवस जेवला नाहीस. जानेवारीत नागपूरलेही विसरलो तर विमान देऊन टाकीन, रिमोटले हात लावणार नाही, असं मायले बोललास. बाळ, बत्तीस वर्षांचा झाला. पोरं विमान उडवतात, खुश होतात, ते मले समजते. पण आपल्याच खेळण्याची परीक्षा द्यायची, गुण मागायचे आणि मग रडायचं, हे काऊन? कोणी सांगितलं होतं?

नीट जेवत जा. लोभ आहेच, तो खर्च होत नाही, काळजी नको.

तुझी आजी चमेली

नागपूर
२० सप्टेंबर २००९

ती. आजीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या एका 'काऊन'ला उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले.

वाटेल तसं उडवायचं असतं तर विसरायला काही नव्हतंच. आमच्या स्पर्धेत सतरा कसरती असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. उभं वर जायचं, टोकावर वळायचं, उलटं उडत यायचं. प्रत्येकीला दहापैकी गुण. रेघ जरा वाकडी झाली की गुण कापले, क्रम चुकला की शून्य. त्यात विमान माझ्याकडे तोंड करून आलं की माझा उजवा त्याचा डावा होतो.

ऑफिसात मी नाल्यांचे नकाशे काढतो. मी रेघ सरळ काढतो, मग कोणाचा तरी प्लॉट वाचवायला ती वाकते, आणि खाली सही माझीच असते. आकाशात रेघ वाकली तर ती मीच वाकवलेली असते. खुर्चीत बसलेले परीक्षक मी कोणाचा कोण हे विचारत नाहीत. साडेसहा म्हणजे साडेसहा. आजी, इतकं खरं मला कोणी सांगत नाही. म्हणून जातो.

भीती वेगळीच आहे. विमानावरून नजर हलवता येत नाही, म्हणून पाठीमागे एक माणूस कागद घेऊन उभं असतं आणि पुढची कसरत मोठ्याने सांगतं. माझा मित्र देवानंद सांगायचा. त्याची बदली झाली. भोपाळला मागे कोणीच नव्हतं, आणि नवव्या कसरतीला माझं डोकं रिकामं झालं. तेव्हापासून डावा अंगठा थरथरतो. मागे उभं राहायला दुसरं कोणी मिळत नाही.

आम्ही दोघं ज्या शब्दांत सांगायचो ती यादी आईसाठी जोडली आहे, म्हणजे मी काय करतो ते तुम्हाला कळेल. आबाजींना नमस्कार. आशीर्वाद पाठवताना हात आखडू नकोस.

तुझा उमेंद्र

दवनीवाडा
३० सप्टेंबर २००९

चि. उमेंद्रास आशीर्वाद. वि. वि.

तुझी यादी मायनं तीनदा वाचली. चौथ्यांदा मी तिले म्हणून दाखवली. एकदा चुकली, ते तिनं मधातच ठसकलं म्हणून.

असा तोंडात बोट घालू नको. या गावात कोणाच्याही लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी मी सांगते, बाकीच्या मागून म्हणतात. एक गाणं मागं-पुढं झालं तर नवरी थांबते, नवरदेव थांबते, जेवण थंडं होते. कागद मी कधी पाहिला नाही. शिकलेल्यायचं असं आहे, लिहून ठेवलं की ते विसरायले मोकळे.

दिवाळीले विमान घेऊन ये. मी मागं उभी राहते. शेजारची पुष्पाबाई म्हणाली की म्हातारी आता विमान चालवणार. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यापेक्षा सरळ चालवीन.

लवकर ये. वाट पाहण्यात माझा नंबर गावात पहिला आहे.

आजी

नागपूर
२२ ऑक्टोबर २००९

ती. आजीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

भाऊबीजेच्या दिवशी तुझ्या पाया न पडता निघालो. विमानाचे तुकडे पोत्यात भरताना मी जे बोललो, की मागून म्हणायला हे काय लग्नाचं गाणं आहे का, ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

तू आठ कसरती अचूक सांगितल्यास. नववी होती 'लाल वर'. विमानाची पाठ पांढरी, पोट लाल. पोट आकाशाकडे करायचं, एवढाच अर्थ. तू म्हणालीस, "ते वर!" मी विचारलं, "काय वर?" तू पुन्हा म्हणालीस, "अरे, ते वर!" तेवढ्यात विमान धानात गेलं. मला वाटलं, तू विसरलीस.

परतताना तिरोड्याच्या अलीकडे गाडी लाल सिग्नलला थांबली. मी खिडकीतून त्या दिव्याकडे बघत राहिलो, आणि एकदम उमगलं. तू पिकली मिरची म्हणतेस. कुंकवी लुगडं म्हणतेस. जन्मात तुझ्या तोंडून तो रंग मी ऐकलेला नाही, कारण आबाजींचं नाव उदेलाल आहे. आणि मी ती यादी तुझ्यापुढे ठेवली! विमान तू नाही पाडलंस, मी पाडलं.

जुनं विमान दुरुस्त करतो आहे. आबाजींना विचारून बघशील का, एका दिवसापुरतं चालेल का? रागावली असलीस तरी लिहिणं थांबवू नकोस.

उमेंद्र

दवनीवाडा
१ नोव्हेंबर २००९

चि. उमेंद्रास आशीर्वाद. वि. वि.

विचारलं. ते म्हणाले, म्हण बिनधास्त, माझी परवानगी आहे. मी म्हटलं, तुमचं नाव न घेणं ही माझी गोष्ट आहे, तुम्ही कोण परवानगी देणारे? त्रेपन्न वर्षं सांभाळलं आहे, तुझ्या लाकडाच्या चिमणीसाठी मोडणार नाही.

(उमेंद्र, हे ऐकून मामंजी अंगणात जाऊन हसत बसले. - माय)

यादी म्हणून दाखवताना मी 'ते वर'च म्हटलं होतं, तुझ्या मायले समजलं. आणि गध्या, एवढं शिकून तुले 'उताणं' शब्द नाही सापडला? पोरगं पाठीवर पडलं की आपण काय म्हणतो? नववी कसरत: उताणं. झालं.

पण मले खरं सांगू दे. त्या दिवशी विमान पडताना मी पाहिलं नाही, तुझं तोंड पाहिलं. जानेवारीत तिथं लोक राहतील आणि माझ्यानं चुकलं, तर तू हे सोडशील आणि ते माझ्या डोक्यावर राहील. त्यापरीस वाचता येणारं माणूस शोध. मी नाही येत.

राग नाही. भीती आहे, आणि ती रागापेक्षा वाईट.

आजी

नागपूर
३ जानेवारी २०१०

ती. आजीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

रविवार दि. १७ ला सकाळी आठ वाजता स्पर्धा. वाचता येणारी तीन माणसं आणून पाहिली. ती कागद बघतात, मग आकाशात बघतात, आणि तोवर कसरतीची वेळ निघून जाते. अंगठा अजून थरथरतो. नियमात एवढंच आहे की मागे एक माणूस चालतं. त्याला वाचता यावं असं कुठेही लिहिलेलं नाही.

चुकलीस तर दोघं चुकू. एकट्याने चुकून पाहिलं आहे, ते फार वाईट असतं.

मी शनिवारी न्यायला येतो. नाही म्हणायचं तर मला तोंडावर म्हण.

उमेंद्र

दवनीवाडा
२१ जानेवारी २०१०

चि. उमेंद्रास आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचली. पुष्पाबाईले सांगितलं की मी नागपुरात विमानाच्या मागं होती. तिनं कोणत्या विमानाच्या ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तू पुढं पाहत होतास, म्हणून मागं काय झालं ते तुले माहीत नाही. ते सांगाले हे पत्र.

विमान मले दिसलंच नाही. मोतिबिंदूनं सारं आकाश दुधासारखं. आवाज दूर जाये, जवळ ये, तेवढंच. मी तुझ्या मानेकडे पाहत होती. मान कडक झाली की कसरत चालू, ढिली झाली की पुढची सांगायची. एक ते आठ तशाच गेल्या. 'उताणं' म्हटलं तेव्हा तुझी मान दगडासारखी झाली. मग ढिली झाली. समजलं, पार पडलं.

बाराव्या कसरतीनंतर माझं डोक्यातलं गेलं. बाळ, पूर्ण गेलं. तोंड उघडं आणि आत काही नाही. तू म्हणालास, "आजी?" वळला नाहीस, फक्त "आजी?" गाणं अडकलं तर ते मधातून उचलता येत नाही, पहिल्यापासून धरावं लागते. म्हणून मी पहिलीपासून बाराही पुटपुटली, एका श्वासात, आणि तेरावी आपसूक बाहेर पडली. नंतर त्या खुर्चीतल्या परीक्षकानं तुले विचारलं ना, आजी मंत्र म्हणत होत्या का? तू हो म्हणालास. ते मंत्र नव्हते, तुझ्या बारा कसरती होत्या.

तेवढा वेळ तू विमान सरळ नेत राहिलास. रेघ लांबली, परीक्षकांनी उडवायले ठरवलेल्या चौकटीबाहेर गेली, तिथं तुझे गुण कापले. ते गुण माझ्या नावानं कापले समज. मी अडकल्यावर तू घाबरून उतरवशील असं वाटलं होतं. तू उतरवलं नाहीस. अंगठ्याचं मी विचारत नाही, मले मान दिसली तेवढी पुरे.

चौदा जणांत अकरावा आलास. आबाजींनी विचारलं, अकरावा म्हणजे चांगलं का? मी म्हटलं, सतराच्या सतरा झाल्या. ते म्हणाले, मग पुढचे दहा जण काय अठरा करून गेले?

पुढच्या वर्षी क्रम बदलते असं तू गाडीत बोललास. नवी यादी आली की त्याच दिवशी पाठव. जुना क्रम विसराले मले वेळ लागते, आणि तो गेल्याशिवाय नवा बसत नाही.

माया आहे तितकीच ठेवजो, मान मात्र ढिली ठेवजो.

तुझी आजी चमेली