नॉर्वे ते घर, बहुतेक सायकलने

२ जून, बर्गनजवळ

संकल्प पक्का. चौदा तारखेला आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. सकाळी सातला, इकडच्या रीतीप्रमाणे, सगळी गल्ली आमच्या दारातल्या हिरव्या कमानीखाली जमून गाणार. आई-बाबा आत्ताच झोपेतून उठल्यासारखं तोंड करून दार उघडणार. आणि गाणाऱ्यांत मी उभा. सायकलसकट. नॉर्वेतून थेट डेन्मार्कच्या घरी, पाचशे ऐंशी किलोमीटर. मधला समुद्र तेवढा बोटीने. समुद्राला इलाज नाही.

इथल्या मासळीच्या फॅक्टरीतून रजा मिळाली. मुकादम म्हणाला, जा एस्बेन, मासे वाट बघतील, मेलेलेच आहेत. या माणसाला कशाचीच किंमत नाही.

बाबांना फोन केला. त्यांनी आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "माझ्या सायकलवर?" म्हटलं, हो.

सायकल त्यांचीच. हाच रस्ता ते स्वतः जाणार होते. नकाशा आणला, रजा टाकली आणि मी जन्मलो. पुढे त्यांचा गुडघा गेला. हे ते कधी बोलून दाखवत नाहीत. आई दाखवते.

४ जून

सरावाची गरज नाही. रोज आठ तास उभं राहून मासे भरतो, पाय तयारच आहेत.

आजपर्यंतचा हिशेब: सुतारकामाची शाळा सात महिने. बेकरीची शाळा अकरा आठवडे. वेल्डिंगची एक सकाळ. हे मात्र शेवटपर्यंत करणार. बाबांनी गावात सगळ्यांना सांगूनही टाकलंय.

५ जून, सकाळी ६.००

निघालो. हवा उत्तम. मी उत्तम.

सकाळी १०.४०

चौदा किलोमीटर झाले. नॉर्वेने चढ फार करून ठेवलेत. घाई नाही.

दुपारी १.००

आमच्या फॅक्टरीची लॉरी शेजारी येऊन थांबली. एगिल चालवतो. मासे घेऊन डेन्मार्कला जातो. खिडकीतून म्हणाला, "काय रे, सायकल ढकलायची नोकरी लागली का?" मी सायकल त्याच्या दाराला टेकवली. दोन चढ तेवढे लॉरीतून करायचे ठरलं. फक्त दोन. एकूण अंतरातून वजा करीन.

६ जून

दोन चढांनंतर उतार होता. उताराचं कसलं कौतुक, तो कुणीही उतरतो, म्हणून पायथ्याशी गेल्यावरच लॉरीतून उतरायचं ठरवलं. डोळा लागला. जाग आली तेव्हा लॉरी बोटीत होती. सगळा दक्षिण नॉर्वे झोपेत पार पडला. पण बोट तर आधीपासून ठरलेलीच होती. म्हणजे नियम असा मोडलेला नाही.

७ जून, हिर्ट्सहाल्स

डेन्मार्क. घरापासून एकशे दहा किलोमीटर. सात दिवस आधी. एगिलची एक जुनी कॅरव्हॅन इथल्या कॅम्पिंगवर कायमची उभी असते. किल्ली देऊन गेला.

बाबांचा मेसेज: "कुठवर आलास? नकाशावर टाचणी लावायचीय." खरं सांगणार होतो, अगदी टाईप करायला घेतलं होतं. बोटांनी लिहिलं, "हाउगेसुन." पहिल्या दोन दिवसांत एवढं अंतर होऊ शकतं. माझं नाही, पण कुणाचं तरी.

संध्याकाळी आईचा फोन. नकाशा स्वयंपाकघरातून काढून गावच्या दुकानात लावलाय. लोक दूध घ्यायला येतात आणि मी कुठे आहे ते बघून जातात.

संकल्प: उद्याच्या बोटीने परत नॉर्वे. सगळा रस्ता पहिल्यापासून.

८ जून

बोट नऊला सुटते. मी नऊ वाजून दहा मिनिटांनी उठलो. शिवाय पाऊस.

९ जून

बाबांना डोंगराचा फोटो हवाय. डेन्मार्कमध्ये डोंगर नाही, आज दिवसभर शोधला. कॅम्पिंगच्या मागे बांधकामाच्या रेतीचा ढीग आहे. पालथं झोपून खालून फोटो काढला. बाबांचं उत्तर आलं: "वा! मला असाच वाटला होता." त्यानंतर जेवण गेलं नाही. नंतर गेलं. तीन सॉसेज.

१० जून

बाबा रोज सकाळी सूचना पाठवतात. आजची: पुढे लांब बोगदा आहे, सायकलला बंदी. उजवीकडे समुद्राच्या कडेने जुना रस्ता जातो, तो घे. त्यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर त्यांनी त्याला लाल पेन्सिलने गोल केलाय. तो रस्ता बघायचं त्यांच्या मनात होतं. मी कळवलं, "घेतला. फार सुंदर."

दुपारी एगिल परतीच्या फेरीला जाताना थांबला. त्याला सांगितलं. म्हणाला, तो रस्ता दरड कोसळून अकरा वर्षं बंद आहे.

मला काय माहीत!

एगिल म्हणाला, "सांगून टाक ना बापाला." मी म्हटलं, त्यांचं मन मोडेल रे. तो म्हणाला, "त्यांचं मन मोडेल की तुझं नाक कापलं जाईल?" लॉरी चालवणारे लोक फार बोलतात. दिवसभर एकटे असतात म्हणून.

११ जून

नवा संकल्प, आणि हा खरा. इथून घरापर्यंतचं अंतर प्रामाणिकपणे सायकलने. तीन दिवस आहेत, रोज सदतीस किलोमीटर. लहान मूलही करेल.

१२ जून

वारा पश्चिमेचा. घर पश्चिमेला. तोंडावर वारा म्हणजे चढच, आणि चढ वजा करायचे हे पाच तारखेलाच ठरलंय.

आईचा फोन. बाबा आता दुकानातच जास्त असतात म्हणे. कुणी विचारलं की काठीने रस्ता दाखवतात. वेल्डिंगच्या मास्तरांनाही दाखवला.

 

१३ जून

बाबांना शेवटचा मेसेज: "आजचा मुक्काम बुलबियर्गच्या निवाऱ्यात. पहाटे पाचला निघतो, सातच्या आत कमानीखाली." बुलबियर्गचा लाकडी निवारा घरापासून सव्वीस किलोमीटरवर. नाव मुद्दाम दिलं, म्हणजे गोष्ट खरी वाटते.

मी अर्थात कॅरव्हॅनमध्ये. एगिल उद्या पहाटे लॉरी घेऊन आमच्या बाजूलाच येतोय, चर्चपाशी सोडील. तिथून तीनशे मीटर जोरात सायकल. बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतायचं, घामासारखं. चेनचं काळं पोटरीवर लावायचं. सगळं डोक्यात पक्कं आहे. हे एकदा पार पडू दे, आयुष्यात पुन्हा खोटं बोलणार नाही.

१४ जून, सकाळी ७.१०, घराच्या अंगणात

घाईत लिहितोय.

तीनशे मीटर छान झाले. कमान सुरेख, वर पंचवीसचा रुपेरी आकडा. तीसेक माणसं होती. मला बघून टाळ्या. व्हर्नरकाकांनी ट्रम्पेट उचललं, सगळे गायला लागले. दार उघडलं. आई. गाऊनमध्ये. एकटी.

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"बाबा कुठायत?" मी विचारलं.

"अरे, ते तुझ्याबरोबर नाहीत?"

बाबा पहाटे तीनला उठून गेले. आईच्या सायकलवरून, बुलबियर्गला. शेवटचे सव्वीस किलोमीटर माझ्यासोबत मारायचे आणि पावणेसातला मागच्या दाराने आत शिरून पायजमा चढवायचा, असं आई-बाबांचं ठरलं होतं. चीज घातलेले दोन पाव नि थर्मास घेऊन गेले. फोन चार्जिंगला तसाच.

गाणं मध्येच तोडता येत नाही. उरलेली कडवी लोक आईला एकटीलाच उद्देशून गायले. ती हसून उभी होती, एका हाताने गाऊनचा गळा धरून.

मी म्हटलं, चुकामूक झाली असेल. व्हर्नरकाका म्हणाले, थांब, गाडी काढतो. मी म्हटलं, नको, मीच जातो. गाडीत काकांनी प्रश्न विचारले असते.

सकाळी ८.५०, बुलबियर्ग

वारा पाठीमागून होता. दीड तासात आलो. एवढं सोपं असतं, आणि मी उगाच.

बाबा निवाऱ्यात बसले होते, गुडघा लांब करून. दोन्ही पाव तसेच. म्हणाले, "आलास. निघून जावं म्हणत होतो, पण वाटलं, मी गेलो आणि तू आलास तर?"

एक पाव मला दिला. मी खात होतो तेव्हा विचारलं, "त्या जुन्या रस्त्यावरून समुद्र दिसतो का रे?"

मी म्हटलं, दिसतो.

बाबा कॉफी ओतत म्हणाले, "बंद आहे तो. मंगळवारीच, तुझा मेसेज आल्यावर, बघितलं मी कॉम्प्युटरवर. तू कसा गेला असशील ते बघावं म्हटलं."

तोंडात पाव होता. तो आधी गिळला.

मी विचारलं, मग टाचण्या का लावत राहिलात?

"लोक विचारत होते."

मग कॉफी माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "बुलबियर्ग तरी खरं असेल असं धरून चाललो होतो." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "चल. तुझी आई दारात उभी असेल."

दुपारी १२.२०

सव्वीस किलोमीटर, सगळे वाऱ्याविरुद्ध. पुढे बाबा, आईच्या बास्केटवाल्या सायकलवर, एका पायाने जोर लावत. मागे मी. दोनदा माझ्यासाठी थांबले. दुसऱ्यांदा उतरून माझी सीट वर केली. म्हणाले, "इतकी खाली ठेवून कोण चालवतं?"

सांगायचं होतं. वाऱ्यात ऐकू गेलं नसतं. शिवाय त्यांना सगळं माहीतच आहे. म्हणजे सांगायचं तरी काय? माफी मागायची, एवढंच उरतं. ती घरी गेल्यावर मागू.

घरी गेल्यावर पाहुणे होते.

१५ जून, सकाळ

कालची पार्टी. ऐंशी माणसं. माफी मागायला निवांत जागा मिळाली नाही. दोन वेळा मिळाली होती.

जेवण झाल्यावर गेर्डाआत्याने घंटी वाजवली. प्रत्येकाच्या ताटाशी गाण्याचा कागद होताच. मोठ्या दिवसाला तिचं स्वतः रचलेलं गाणं असतंच, ओळखीच्या चालीवर. अठरा कडवी. पहिली पाच आई-बाबांची. मग सात माझी. हाउगेसुनचं वेगळं. डोंगराचं वेगळं. जुन्या रस्त्यावरून समुद्र कसा चमकतो याचं वेगळं, त्याचं धृपद दोनदा.

आमच्यात कडवं गाळत नाहीत. ऐंशी माणसं सगळी सात कडवी गायली. मी ओठ हलवले. माझ्या उजवीकडे बाबा, कागद लांब धरून, चष्म्याशिवाय. एक शब्द सोडला नाही. समुद्राच्या कडव्याला तर टेबलावर ठेका धरला.

बाराव्या कडव्यानंतर आत्या ओरडली, "उभे राहा सगळे! आमच्या एस्बेनसाठी, तीन वेळा हुर्रे!" खुर्च्या मागे सरकल्या. सगळे उभे. मला उठता येईना. मांड्या दगड झालेल्या. आई शेजारच्या बाईला सांगत होती, एवढं अंतर मारल्यावर होणारच हो.

बाबांनी माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. मग ग्लास वर धरला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडले. तीन वेळा.