टोपणाचे आटे

विश्रांतवाडी,
४ मे २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

लेथ चालू ठेवूनच लिहितेय, म्हणजे बाबांना वाटेल मी काम करतेय. विश्रांतवाडीहून हिंजवडीला पत्र! हसशील. पण फोनवर बोलताना ते शेजारीच बसलेले असतात.

आई बरी आहे. कैऱ्यांसाठी मंडईत जाऊन आली, भाव ऐकून भांडून आली.

मी आठवडाभर एका पेनाच्या आट्यांवर अडलेय. बाबांच्या हातच्या शाईपेनांचे आटे बारीक. चार फेरे फिरवल्याशिवाय टोपण निघत नाही. जाड आटे घेतले तर फेरे कमी होतात, पण खाच खोल जाते, भिंत पातळ होते, एबोनाइटचं कडक रबर तडकतं. दोन दांड्या तडकल्या. शेवटी आटे बारीकच ठेवले, पण एका खाचेऐवजी तीन खाचा शेजारी शेजारी सुरू केल्या. टोपण कसंही टेकवलं तरी लवकर पकडतं आणि सव्वा फेऱ्यात सुटतं.

दुपारी बाबांनी ते हातात घेतलं.

“हे काय? हात लावला की उघडतं?”

“हल्ली लोकांना घाई असते.”

“घाई असलेल्याने बॉलपेन घ्यावं. कोणाचं आहे?”

“एक वयस्कर गृहस्थ आहेत.”

बाबा टोपण परत लावू लागले. वेळ लागला. मी लेथकडे बघत राहिले.

“हात कापतो का त्यांचा?”

“हो.”

“मग आटे अजून जरा ढिले काढ. अशा माणसाला घट्ट टोपण म्हणजे शिक्षा.”

पेन ठेवून आत गेले.

दादा, तू बाबांना ‘हा लेथ भंगारात द्या’ म्हणाला होतास, त्याच्या माफीचं तुझं पत्र फेब्रुवारीतच पोचलं. त्यांनी ते उशीखाली ठेवलंय. उत्तर नाही म्हणून तू बुद्धपौर्णिमेलाही येणार नाहीस, असं आईला सांगितलंस.

ते रागावलेले नाहीत. त्यांना पेन उघडता येत नाही.

मी उघडून देते म्हटलं तर देत नाहीत. तुम्ही सांगा, मी लिहिते म्हटलं तर, “मला अंगठेबहाद्दर समजलीस?” परवा त्यांच्या पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा दिसल्या.

डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या चालू आहेत. तेव्हा डॉक्टरांची नावं पाठवू नकोस.

आई हाक मारतेय. आटे ढिले काढायचे राहिलेत. ते आजच काढते.

तू रागावला असशील तर माझ्यावर रागाव, पण इथे येऊन.

तुझी
कल्याणी

ता. क. (५ मे) आज सकाळी बाबांनी कोणाला न विचारता ते पेन उचललं. टोपण स्वतः उघडलं. कागदावर तुझं नाव लिहिलं. अक्षर लागत नाही. म्हणाले, “हे पाठवू नकोस.” पाठवलेलं नाही. कागद टेबलावर आहे.