सगळ्यांदेखत ‘तू’

प्रिय सोलांज मावशी,

ज्याच्यावर मनापासून रागावलेय, त्याच्याच बरोबर एकाच विनोदावर हसू कसं येतं? मी पदवीधर (घरातली पहिलीच, हे आई पाववाल्यालाही सांगते), तरी मला याचं उत्तर येत नाही. तुझा गुडघा कसा आहे? मोरिसना नमस्कार सांग. त्यांच्यासाठी तू नवरा सोडलास, त्याला इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडे त्यांचं नाव अजून कुजबुजतच घेतात.

तर, लुसियाँने जत्रेत दुसऱ्या मुलीचं चुंबन घेतल्याची कबुली दिल्यावर मी आमचं लग्न पुढे ढकललं आणि त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागले. ‘तुम्ही जरा मीठ देता का?’ असं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. अशात आमच्या फिल्म क्लबात एक जुना विनोदी चित्रपट लागला आणि आधी दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी निष्ठेवर बोलले, बराच वेळ. शेवटी मागून क्लबातल्या जुन्या सभासद मादाम प्रुव्हो म्हणाल्या, “पोरी, आधी आम्हाला पाप तर बघू दे.”

चित्रपटातले नवरा-बायको एकमेकांना अहो-जाहो करतात. अरे-तुरे फक्त चोरट्या भेटीत. भर मेजवानीत बायको पाहुण्याला म्हणते, “तुझा चमचा पडला.” सगळे तिच्याकडे बघतात. चमचा उचलायला नवराच वाकतो, आणि टेबलाखाली आपल्याला दिसतं की त्याचा स्वतःचा बूट कधीचा मेहुणीच्या बुटाला टेकलेला आहे. तो वर येतो, चमचा पुसून पाहुण्याला देतो आणि बायकोला सूप वाढतो. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दोन खुर्च्या पलीकडे लुसियाँही. प्रेम ही चांगल्या माणसांनी करायची गोष्ट, अशी माझी समजूत होती. पडद्यावर एकही चांगलं माणूस नव्हतं, प्रेम मात्र होतं.

नंतरच्या चर्चेत लुसियाँ उठला. “चमचा त्याने लाजेने उचलला की मायेने?” मी माईकवर म्हणाले, “तुला काय वाटतं?” सभागृह हसलं. मादाम प्रुव्हो म्हणाल्या, “घसरली बाई जीभ.” लुसियाँ लाल झाला. “मला वाटतं, तो घाबरला होता,” म्हणाला. राग माझा अजून आहे, पण हे तो खरं बोलला.

तुझी,
एलोदी

ता.क. आई चित्रपटाला आली होती हे मी तुला सांगितलं, असं तिला कळवू नकोस. ती मागच्या रांगेत होती आणि सगळ्यांत जास्त हसत होती, पण तिला वाटतं मला दिसली नाही.

आणखी एक. नगरपालिकेत जाऊन लग्नाची नवी तारीख घेतली. साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय, न विचारता. मोरिस पहिल्या रांगेत बसतील, हे काल आईला सांगूनही टाकलं.