दिगंबरच्या पानातली पुरणपोळी

सातारा, मंगळ. १५ जाने. ४६
काल संक्रांत झाली. हे आज कचेरीतून हसतच आले. रविवारी सांगलीचा फुटबॉल संघ इथे खेळायला येतोय. दुपारचं जेवण आपल्याकडे, कारण आपल्या संघाचे गोलकीपर हेच. त्यांचा कप्तान कोण? तर दिगंबर.
हाच तो. दोन वर्षांपूर्वी सांगलीला, माझ्या माहेरी, धाकट्या कुसुमला बघायला आला होता. दोन बश्या पोहे हाणले आणि दारात चपला घालताना म्हणाला, "पोहे कोरडे. मुलगीही कोरडीच असणार." सगळ्या आळीने ऐकलं. त्यानंतर कु.चं एकही स्थळ जमलं नाही. मी तेव्हा इथे. मला त्याने पाहिलेलं नाही. बरंच आहे.

शनि. १९
बेत ठरला. सांगलीची म्हणून भरली वांगी, ज्वारीची भाकरी. आपल्याकडची म्हणून पुरणपोळी, कटाची आमटी, वर कंदी पेढे. सासूबाई म्हणाल्या, "खेळायच्या आधी एवढं जड?" म्हटलं, साताऱ्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.
खरं म्हणजे त्याला भर मैदानात धापा टाकताना बघायचंय. लोक हसले पाहिजेत. कु. संक्रांतीला आलेली, इथेच आहे. तिला सांगितलं. ती पुरण वाटायला बसली. तिच्यासारखं पुरण मला जमत नाही. रेशनचा गहू भिकार, तरी एक पोळी फाटली नाही.

रवि. २०
पंगत. कु. आतच, बाहेर आली नाही. दि.च्या पानाशी तूप घेऊन मीच.
"वैनी, बास आता. पळायचं हाय."
म्हटलं, तुम्ही माझ्या माहेरचे, एवढ्यावर उठायचं नाही. तर ह्यांच्याकडे बघून म्हणतो, "मग आधी तुमी घ्या. तुमी घेतली तर मी." प्रत्येक पोळीला तेच. पाहुणा असं म्हणाला की यजमानाला मागे सरता येत नाही, हे मी कसं विसरले? दि.ला एक, ह्यांना एक.
संध्याकाळी. हरलो. दोन्ही गोल दि.चे. पळत नव्हताच, चालत आला नि मारले. हे खांबाला टेकून, वाकता येईना. लोक हसले. ह्यांना.

सोम. २१
हे उताणे पडून ओवा चघळतायत. "स्वयंपाक मात्र फक्कड झाला होता हो." माझ्या अंगाचा तिळपापड. कु. तोंडाला पदर लावून हसत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली असेल, पण मला तेही आवडलं नाही.

गुरु. २४
दि.चे मामा आले, सांगलीहून, स्थळ घेऊन. रविवारी निघताना त्याने विचारलं म्हणे, पुरण कुणी केलं? सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं, सुनेच्या बहिणीनं, लग्नाची आहे. मामा म्हणतात, "पोरगं ऐकंना. त्याच हातचं खायचं म्हणतंय." ही त्याने नाकारलेलीच मुलगी, याचा पत्ता ना त्याला, ना मामांना. बाबांना कळलं तर आजच्या गाडीने होकार धाडतील.
आत जाऊन कु.ला विचारलं. परातीतून हात न काढता म्हणाली, "पोहे त्यांनी करायचे. मी सांगलीला जाऊन खाईन. काय ते दारात चपला घालताना सांगेन."
"म्हणजे होकार की नकार?"
"पोहे बघून."
मामा ओसरीवर आहेत. हे मला डोळ्यांनी खुणावतायत, हो म्हण. निरोप अजून दिलेला नाही. आधी मामांना पोहे करतेय. पाण्याचा हबका मुद्दामच मारला नाही.